गाडीच्या काळ्या प्लास्टिकवरचे डाग आणि पोरीचं खोडरबर

मे महिन्यात माझ्या साळीचं लग्न होतं, अमरावतीला. सगळे आपल्याच गाडीनं जाणार म्हणून आदल्या दिवशी गाडी वॉशिंगला टाकली. नेहमीचा माणूस गावाला गेला होता, तर रिंग रोडवर दुसरा एक दिसला, तिथेच दिली. तिथला पोरगा म्हणे, "भाऊ, लग्नाची गाडी आहे न, रबिंग-पॉलिश मारून देतो, वेगळे पैसे नका देऊ." आता फुकट म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणतो. संध्याकाळी सात वाजता ट्यूबलाइटखाली गाडी अशी चमकत होती की मी त्या पोराला वरून पन्नास रुपये दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता हॉलसमोर, डोक्यावर कडक ऊन, साडू गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काय भाऊसाहेब, चुना लावला काय कोणी तुमाले?"

चुनाच दिसत होता खरं म्हणजे. आमची गाडी सेकंडहँड आहे, सिल्व्हर कलर, आणि चाकांच्या कमानीवर, दारांच्या खालच्या पट्टीवर, मागच्या बंपरच्या अर्ध्या भागावर ते काळं दाणेदार प्लास्टिक आहे, ज्याला क्लॅडिंग म्हणतात. रंगवलेलं नसतं ते, मूळचंच काळं. तर जिथे जिथे पत्रा संपून प्लास्टिक सुरू होतं तिथे तिथे पांढरट फराटे. मागच्या दाराच्या पट्टीवर तर चार बोटं ओढल्याचे सरळ चार पट्टे, म्हणजे त्या पोरानं कपडा कसा धरला होता तेही कळत होतं. लग्नाच्या अल्बममधे नवरी निघतानाचा एक फोटो आहे, त्यात मागे आमची गाडी आहे आणि ते चार पट्टे अगदी शार्प फोकसमधे आलेत.

परत आल्यावर मी धुतली. शॅम्पू, बादली, स्पंज, सगळं. आणि गेले न डाग! एकदम काळंभोर. चहा घेऊन बाहेर आलो तोवर वाळली होती आणि पट्टे जसेच्या तसे. परत धुतली, परत गेले, परत आले. असं मी तीन वेळा फसलो, मग डोक्यात उजेड पडला की ओलं असताना पाणी त्या बारीक खड्ड्यांत भरतं म्हणून डाग दिसत नाही फक्त, गेलेला नसतोच. त्यामुळे आता माझा पहिला नियम हा आहे की प्लास्टिकवरचा डाग गेला की नाही ते वाळल्यावरच ठरवायचं, तोवर बायकोला बोलावून दाखवायचं नाही.

हे होतं कशामुळे तर पॉलिशमधे घासायला बारीक पांढरी पावडर असते आणि सोबत मेण, तेल वगैरे. गुळगुळीत रंगावरून ते पुसलं की निघून जातं. पण ह्या प्लास्टिकला मुद्दाम दाणा दिलेला असतो, चामड्यासारखा, त्याच्या फटीत हे जाऊन बसतं आणि वाळून पांढरं पडतं. नखानं खरवडलं तर नखात मेण येतं. मागे एकदा बंपरची क्लिप तुटली होती तेव्हा मेकॅनिकनं बंपर उतरवला होता, तर आतल्या बाजूला इंग्रजीत छापलेलं होतं, पीपी प्लस ईपीडीएम, टीडी वीस. म्हणजे पॉलिप्रोपिलीन, लवचीकपणासाठी त्यात रबर, आणि वीस टक्के टाल्क, हो तीच आपली टाल्कम पावडरवाली टाल्क. ही माहिती पुढे कामी येते म्हणून सांगून ठेवतो.

आता शेजारचे काका. आमच्या लेआउटमधे प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे इलाज असतो. "अबे कायले टेन्शन घेऊन राहिला बे, काळं बूटपॉलिश मार, नवीकोरी दिसते." मी मारलं. ब्रशनं मारलं, कपड्यानं घासलं, आणि खरं सांगतो दिसली पण नवीकोरी. काका दोन दिवस येता-जाता माझ्याकडे बघून मान हलवायचे. मग जूनमधे पहिला पाऊस आला, तो नागपूरचा टिपिकल पहिला पाऊस, अर्धा तास धिंगाणा आणि मग उकाडा, आणि दारांखालून काळे ओघळ निघाले सिल्व्हर पेंटवर नाही सुदैवाने, खाली टाइल्सवर. मिसेस गाडीत बसताना पाय घासला गेला तर क्रीम कलरच्या सलवारवर काळा पट्टा. बूटपॉलिशचं मेण तेच, फक्त काळ्या रंगाचं, म्हणजे मी मेणाच्या डागावर अजून मेण थापलं होतं. आणि मेण चिकट, त्यावर धूळ. नागपूरची धूळ काही वेगळी सांगायला नको, सिमेंट रोड, फ्लायओव्हर, कुठे ना कुठे खोदकाम चालूच असतं, आठवड्यात ते काळं पॉलिश राखाडी झालं.

मग रॉकेल. रॉकेलनं बूटपॉलिश निघालं, पांढरं पण बरंचसं निघालं, पण तेलकट ठिपके राहिले, एकीकडे काळं चकचकीत आणि बाजूला फिकट, चित्त्यासारखं. शिवाय वास दोन आठवडे. पेट्रोल किंवा थिनर तर चुकूनही नाही. थिनरनं बाजूचा पेंट उतरतो, हेडलाइटची काच (ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं) तडकू शकते, आणि गाडीवरचं प्रत्येक काळं प्लास्टिक एकच नसतं, जाळीचं एबीएस असतं बऱ्याचदा, ते थिनरनं विरघळतं. दाराचे रबर पेट्रोलनं फुगतात. आणि आग लागायची भीती ती वेगळीच.

इथे भाचा कामी आला. जिमवाला आहे तो, सकाळ-संध्याकाळ पीनट बटर खातो. त्यानं कुठे तरी व्हिडिओ पाहिला होता की पीनट बटरनं मेण निघतं. मी हसलो, पण मग विचार केला की मेण तेलात विरघळतं हे तर बरोबर आहे, आणि त्यात शेंगदाण्याचे बारीक कण, म्हणजे हलकं स्क्रब. टूथब्रशवर घेतलं, मागच्या दाराच्या त्या चार पट्ट्यांवर घासलं, पाच मिनिटं ठेवलं, पुसलं. निघालं की बाप्पा! शंभर टक्के नाही, पण चार पट्ट्यांचे दीड राहिले. फक्त मी मूर्खपणा असा केला की साबणानं धुवायचं उद्यावर टाकलं. सकाळी पाहतो तर कंपाउंडच्या भिंतीपासून मागच्या चाकापर्यंत काळ्या मुंगळ्यांची लाइन, आणि दाराच्या पट्टीच्या फटीत जे बटर राहिलं होतं त्यावर पंगत बसलेली. आई गॅलरीतून म्हणाली, "गाडीला नैवेद्य दाखवला का रे?" दार उघडलं तर दहा-बारा आत सीटवर. पंधरा दिवस मुंगळे निघत होते डॅशबोर्डमधून.

तर पीनट बटर वापरायचं असेल तर खुशाल वापरा, पण लगेच भांड्याच्या साबणानं धुवा, आणि कुरकुरीत वालं नको, साधं.

खरा इलाज पोरीच्या कंपासपेटीत निघाला. पांढरं मऊ खोडरबर, पाच-दहा रुपयांवालं. प्लास्टिक कोरडं पाहिजे, आधी धुऊन वाळलेलं, नाही तर धुळीचे कण घासले जातात. मग पेन्सिल खोडतो तसं हलक्या हातानं, एकाच दिशेनं. रबराचा भुसा निघतो तो सुरवातीला पांढरा येतो, मग राखाडी, मग काळपट व्हायला लागला की थांबायचं. मेण त्या भुशात गुंडाळून बाहेर येतं. वेळखाऊ काम आहे, एक हाताएवढी पट्टी करायला मला वीस मिनिटं लागली, पण डाग गेला तो वाळल्यावरही गेलेलाच राहिला. त्या दिवशी दोन रबरं संपवली मी. पोरीनं त्याचा हिशोब ठेवलाय अजून.

जिथे दाणा खोल आहे तिथे मात्र रबर पोचत नाही, ते वरून वरून फिरतं. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल रिपेअरवाले बोर्ड साफ करायला वापरतात तेच, सीताबर्डीला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतं, आयपीए म्हणून मागायचं. मी अर्धं पाणी अर्धं ते असं केलं, मऊ टूथब्रश बुडवून गोल गोल फिरवलं आणि लगेच, म्हणजे लगेच, मायक्रोफायबर कपड्यानं टिपून घेतलं. ह्यात सगळी गंमत टिपण्यात आहे. अल्कोहोल मेण मोकळं करतं पण ते उडून गेलं की मोकळं झालेलं मेण परत तिथेच बसतं, फक्त आता पसरून. म्हणून एका वेळी तळहाताएवढाच भाग, कपड्याची घडी बदलत बदलत. पेंटच्या कडेला मी मास्किंग टेप लावली होती. आणि आधी नंबर प्लेटच्या मागे थोडं लावून पाहिलं की रंग तर नाही उतरत, मगच पुढे. सॅनिटायझरची उरलेली बाटली असेल घरात, आपल्या सगळ्यांकडेच आहे २०२० पासून, तर पातळ वालं चालतं, जेल नको, त्यातला चिकटपणा मागे राहतो.

हे काम मी पहाटे साडेपाचला करायचो. उन्हाळ्यात इथे आठ वाजता त्या काळ्या प्लास्टिकला हात लावून दाखवा. तापलेल्या प्लास्टिकवर काहीही टाका, साबण असो की अल्कोहोल, ते काम करायच्या आधीच वाळतं आणि स्वतःचाच एक डाग सोडून जातं.

ह्या सगळ्या भानगडीत मला एक सवय लागली, की डाग दिसला की आधी वाकून बघायचं हा आहे कशाचा. कारण मेणाचा इलाज चुन्याला लागू नाही आणि चुन्याचा चिकाला नाही. मी सुरवातीला जे काय हाती लागेल ते फासत होतो म्हणून महिना गेला.

आता आपल्या गावचा हक्काचा डाग, खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला. आठ रस्ता चौकात सिग्नलला उभा होतो, बाजूच्या बाइकवाल्यानं मान वाकडी करून पिचकारी मारली ती वाऱ्यानं आमच्या पुढच्या चाकाच्या कमानीवर. मी काच खाली केली तर तो म्हणतो, "सॉरी भाऊ, गाडी दिसली नाही." सिल्व्हर कलरची चारचाकी दिसली नाही! घरी येईपर्यंत वाळलं. खर्ऱ्याचा डाग दोन थरांचा असतो हे मला तेव्हा कळलं. वरचा तपकिरी-लाल, सुपारीचा, तो साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेला कपडा दहा मिनिटं ठेवून ब्रश मारला की निघतो, कारण हे प्लास्टिक कापडासारखं रंग पीत नाही. पण तो गेल्यावर खाली पांढरी रांगोळी राहते, ती चुन्याची. ती साबणाला दाद देत नाही. तिला आंबट लागतं. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर, तेवढंच पाणी घालून, कपड्यानं लावलं, दोन मिनिटं, मग भरपूर पाण्यानं धुतलं. गेलं. साडूला फोन करून सांगितलं की ह्या वेळी खरोखर चुना लागला होता.

बोअरच्या पाण्याचे ठिपके पण ह्याच जातीतले. आमच्या लेआउटमधे वापरायला बोअर आहे आणि पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही, गाडी धुऊन तशीच उन्हात ठेवली की प्रत्येक थेंबाच्या जागी एक पांढरी कडी. कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार ते. व्हिनेगरनं जातात, लिंबानं पण जातात, पण मूळ उपाय म्हणजे धुतल्यावर पुसून घेणे, आणि शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा. बाथरूम साफ करायचं ॲसिड लावू नका, आमच्या खालच्या मजल्यावरच्यानं लावलं होतं, प्लास्टिकला काही झालं नाही पण नटबोल्ट आणि सायलेन्सरचा पत्रा पांढरा पडला. सिमेंटचे शिंतोडे ताजे असतील तर नुसत्या पाण्यानं जातात, वाळून घट्ट झाले तर व्हिनेगरचा ओला कपडा बराच वेळ, दोन-तीनदा, आणि खरवडायला जुनं एटीएम कार्ड, स्क्रूड्रायव्हर नाही.

कबुतराची घाण सगळ्यांनाच माहीत आहे, ओला कपडा ठेवून फुगवायची आणि उचलायची, रगडायची नाही.

आंब्याच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. धरमपेठेत सासऱ्यांच्या घरासमोर मोठा आंबा आहे, सावली एक नंबर, पण मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात आणि त्यांच्यापासून जो गोड चिकट रस पडतो तो गाडीभर बारीक बारीक ठिपके करतो. काचेवर दिसतो, प्लास्टिकवर दिसत नाही, पण त्यावर धूळ बसते आणि मग काळी बुरशी, आणि आपल्याला वाटतं प्लास्टिक खराब झालं. तो रस साखरच आहे शेवटी, गरम पाण्यानं विरघळतो. झाडाचा चीक मात्र वेगळा, तो डिंकासारखा घट्ट होतो, त्याला पाणी काही करत नाही, तिथे परत ते अल्कोहोल. डांबराला थोडंसं रॉकेल कापडाच्या टोकाला घेऊन, फक्त ठिपक्यावर, आणि मग साबण.

आता काही डाग डाग नसतातच, आणि ह्यावर मी सगळ्यात जास्त वेळ फुकट घालवला. मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर एक पांढरी रेघ होती. रबर, अल्कोहोल, व्हिनेगर, पीनट बटर, सगळं झालं, ढिम्म. मग मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पाहिलं तर तो ओरखडा होता, पार्किंगच्या भिंतीचा. ते टाल्क सांगितलं न वर, ह्या प्लास्टिकला ओरखडा पडला की ती जागा पांढरी दिसते. ती पुसून जाणार कशी. आणि त्याच्यावर मी शेवटचा उपाय म्हणून किचनमधला तो पांढरा जादूचा स्पंज आणला, मेलामाइनचा. तो म्हणजे खरं तर बारीक सँडपेपर. रेघ तशीच राहिली आणि आजूबाजूचा दाणा घासून तिथे रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा झाला, उन्हात लांबून चमकतो.

दुसरं म्हणजे उन्हानं फिकं पडलेलं. ते सगळीकडे सारखं राखाडी असतं, डागासारखं तुकड्या-तुकड्यात नाही, आणि बोट फिरवलं तर बोटाला पिठासारखं लागतं. ऊन लागून लागून प्लास्टिकच्या वरच्या थराच्या साखळ्या तुटतात. काळं करायला जे कार्बन ब्लॅक घालतात ते उन्हापासून वाचवतं पण बरंच, पण नागपूरचं ऊन आहे शेवटी. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ डिग्री झालं होतं. आणि २०२४ च्या मे मधे तर एका ऑटोमॅटिक केंद्रानं चक्क ५६ दाखवलं, देशभर बातमी झाली, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आम्हाला इथे कोणालाच ते ५६ खोटं वाटलं नव्हतं ही गोष्ट वेगळी.

ह्या फिकेपणावर एक मित्र हीट गन मारतो. इंटरनेटवर भारी दिसतं ते, गरम हवा फिरली की राखाडीचं काळं होत जातं. त्यानं माझ्या मागच्या डाव्या कमानीवर करून दाखवलं. झालं काळं. पण तो बोलता बोलता एका जागी जरा जास्त थांबला, पॉलिप्रोपिलीन १६० डिग्रीच्या आसपास वितळतं आणि हीट गन त्याच्या कितीतरी वर जाते, तर तिथला दाणा बसून गेला आणि कड लाटेसारखी झाली. बरं जिथे नीट झालं होतं तेही सहा-सात महिन्यांत परत फिकं पडायला लागलं. ज्यांना जमतं त्यांना जमो, मी परत कोणाच्या हातात देणार नाही.

साफ झाल्यावर काही लावायचं असेल तर पाण्यावर आधारित ट्रिम ड्रेसिंग, दुधासारखं पांढरं येतं ते, स्पंजवर थोडंसं, पातळ, आणि दहा मिनिटांनी कोरड्या कपड्यानं पुसून. पुसायचं लोक विसरतात. ते तेलकट चमकवालं सिलिकॉन, जे टायरला पण मारतात, ते लावलं की गाडी दोन दिवस ओली दिसते आणि मग त्यावर फुटाळ्याची धूळ, वर्धा रोडची धूळ, सगळं गोळा होतं, आणि पावसात ओघळतं. खोबरेल तेलाचंही तेच. काकांनी तेही सुचवलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराई-संकटं घेऊन जा म्हणत मिरवणुकीनं नेतात तो मोठा पुतळा, पाहायला महालात गेलो होतो, पिवळी मारबत समोरून गेली तेव्हा सगळे ओरडतात तसं मी पण ओरडलो की खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा गे मारबत, आणि पोरगी खांद्यावरून ओरडली, "बाबाच्या गाडीचे डाग घेऊन जा गे मारबत!" बाजूचे चार लोक वळून बघायला लागले.

घेऊन गेली पण म्हणा, कारण दसऱ्यापर्यंत गाडी खरंच स्वच्छ होती. मागची हीट गनवाली कड आणि तो रुपया सोडला तर. आणि दसरा म्हणजे पूजा. आई ताट घेऊन खाली आली, हळद, कुंकू, तेलात कालवलेला शेंदूर, झेंडूचा हार. मी आधीच समोरच्या बंपरवर, काळ्या भागावर, सेलोटेपचा चौकोन लावून ठेवला होता आणि म्हटलं आई, स्वस्तिक ह्याच्यावर काढ. तिनं टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "देवाला टेपवर बसवतो का तू?" आणि टेपच्या बरोबर बाजूला, उघड्या प्लास्टिकवर, शेंदराचं स्वस्तिक काढलं, वर हळद-कुंकवाची बोटं लावली, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग चारही दारांच्या पट्ट्यांवर एकेक बोट. मी बघत होतो.

"हळदीची काळजी नको करू," ती म्हणे. "पातळावर सांडली की आम्ही उन्हात टाकतो, आपोआप जाते. साबण नको लावू आधी, लाल होते."

आणि तसंच झालं. मी मुद्दाम एका पट्टीला हात लावला नाही, चार दिवसांत पिवळं गेलं, नुसतं उन्हानं. दुसरीकडे साबण लावून पाहिला तर लालसर झालं, हळदीला साबण-चुन्यासारखं अल्कधर्मी काही लागलं की ती लाल होते, कुंकू पण पूर्वी हळद आणि चुन्याचंच करायचे. शेंदूर तेलातला म्हणून तो भांड्याच्या साबणानं आणि ब्रशनं निघाला, ग्लोव्ह्ज घालून, कारण शेंदूर हातातोंडाला लागू देऊ नये. राहिलं कुंकू. आजकालचं कुंकू म्हणजे रंग, ते उन्हाला ऐकत नाही. दाण्याच्या फटीत बसलेलं, पाच बोटांचे पाच ठिपके.

रविवारी सकाळी परत कंपासपेटी उघडली. पोरगी बाजूला बसून मोजत होती. ह्या वेळी रबराचा भुसा गुलाबी निघाला, आणि तिनं तो सगळा गोळा करून काडेपेटीच्या डबीत भरून ठेवलाय, कशाला ते विचारलं तर सांगत नाही.